स्वभावाला औषध नाही?

'स्वभावाला औषध नाही' असं आपण सहज म्हणून जातो. आमची तिशीतली लेक क्षणात जीव लावायची, क्षणात तोडून टाकायची, कधी स्वतःलाच इजा करून घ्यायची. 'जरा तापट आहे हो,' असं म्हणून आम्ही दोघं वर्षानुवर्षं विषय बदलत राहिलो.

मंडळी, याला व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. अशा रुग्णांना मानसिक आरोग्यसेवेतून वगळू नका, असं इंग्लंडमध्ये २००३ सालीच सरकारी मार्गदर्शिकेत बजावलं गेलं. 'बॉर्डरलाइन' प्रकारात खास त्या विकारासाठी म्हणून गोळ्या नकोत, हे 'नाइस'ने २००९ मध्ये सांगितलं. म्हणजे म्हण अर्धी खरी! औषध नाही, पण उपचार आहेत. मार्शा लिनेहान यांच्या 'डीबीटी' पद्धतीत दर आठवड्याला थेरपिस्टशी बोलणं आणि गटात बसून भावनांचा लोंढा सोसायला शिकणं असतं. या बाईंनी २०११ मध्ये स्वतःच्या तरुणपणातल्या आजाराबद्दलही जाहीरपणे सांगितलं.

सुरुवात आपल्या जीपीपासून करावी. ते कम्युनिटी मेंटल हेल्थ टीमकडे पाठवतात. दुभाषाही मागता येतो. जिवाला धोका वाटला तर मात्र थेट ९९९.

लोक काय म्हणतील, या विचारात आमची फार वर्षं गेली. तुमची जाऊ नयेत, एवढ्यासाठीच हे लिहिलं.