खाऱ्या मत्स्यटाकीसाठी वाळू कोणती?

आपल्या जतपासून समुद्र सरळ रेषेत सुमारे २०० कि.मी. दूर आहे. तरीही विज्ञान प्रदर्शनासाठी खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी करावी, असे तुम्हाला वाटले, तर खारे पाणी तयार करता येते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचेही क्षार असल्याने स्वयंपाकातले मीठ चालत नाही. मत्स्यटाकीसाठीचे क्षारमिश्रण आणावे लागते. वाळूबाबत मात्र 'ओढ्यातून घमेलेभर आणू' असे म्हणून आपण मोकळे होतो. पण माशांचे जगणे-मरणे बरेचसे या वाळूवर अवलंबून असते. ते कसे, हे पाहू.

मासे पाण्यात अमोनिया सोडतात. तो विषारी असतो आणि समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ च्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी असल्याने तेथे तो अधिकच घातक ठरतो. वाळूच्या कणांवर वाढणारे जीवाणू या अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. म्हणजे वाळू ही या जीवाणूंची वसाहतच होय!

ही वसाहत केवढी असते? ६० सें.मी. लांब व ३० सें.मी. रुंद टाकीत ३ सें.मी. जाडीचा थर दिला, तर ५.४ लिटर वाळू लागते. कण १ मि.मी. व्यासाचे, गोल आहेत आणि थरात ४० टक्के पोकळी आहे असे धरा. गणित केल्यास एक लिटर वाळूतील कणांचे एकूण पृष्ठफळ ३.६ चौरस मीटर येते. म्हणजे सर्व वाळूचे सुमारे १९ चौरस मीटर! टाकीचा तळ मात्र अवघा ०.१८ चौरस मीटर.

मग कण अगदी पिठासारखे बारीक का घेऊ नयेत? कारण असा थर घट्ट बसतो. आत प्राणवायू पोहोचत नाही, थर काळा पडतो आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. उलट कण फार मोठे असले, तर उरलेले अन्न फटींत पडून कुजते. म्हणून १ ते २ मि.मी. आकाराचे कण सोयीचे.

आता वाळू कशाची आहे ते पाहू. रत्नागिरीस 'काळा समुद्र' आणि 'पांढरा समुद्र' असे दोन किनारे आहेत. ही नावे वाळूच्या रंगावरून पडली आहेत. काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोहयुक्त खनिजे असतात. पांढऱ्या वाळूत शिंपल्यांचा चुरा, म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेट असते. आपल्या ओढ्यांतील काळसर वाळूही बेसाल्ट खडक झिजूनच झालेली आहे.

वाळू निवडण्यापूर्वी तीन सोपे प्रयोग करा:

१. बाटलीत वाळू व पाणी घालून हलवा. पाणी बराच वेळ गढूळ राहिले, तर वाळूत माती आहे. शेतातून वाहून आलेल्या मातीला खतातील फॉस्फेट चिकटलेले असते. त्याने टाकीत शेवाळ माजते.

२. चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले, तर तीत कॅल्शियम कार्बोनेट आहे. गारगोटीच्या वाळूतून बुडबुडे येत नाहीत. ती चालते, पण पाण्याचा सामू टिकवण्यास मदत करीत नाही.

३. कोरड्या वाळूतून लोहचुंबक फिरवा. काळे कण चिकटले, तर ती वाळू टाळा. काच पुसण्याच्या चुंबकी पुसणीला असे कण चिकटले की काचेवर ओरखडे उठतात.

ओढ्याच्या वाळूतूनही कदाचित बुडबुडे येतील! आपल्याकडच्या जमिनीत चुनखडीचे खडे सापडतात, त्यांचा हा प्रताप. पण त्या खड्यांत मातीही मिसळलेली असते. म्हणून एकाच चाचणीवर निर्णय देऊ नये.

अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते. थरातील पाणी आम्लधर्मी होऊ लागले, की कॅल्शियम कार्बोनेटचे कण किंचित विरघळून त्याला आवर घालतात. ही मदत मर्यादित आहे. त्यामुळे थोडे थोडे पाणी नियमित बदलावेच लागते.

मग अशी वाळू आणायची कोठून? किनाऱ्यावरची उचलू नका, आणि प्रवाळ तर मुळीच नको. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. कोंबड्यांच्या खाद्यासाठी शिंपल्यांचा चुरा विकत मिळतो. त्यात दुसरे काही मिसळलेले नाही याची खात्री करा, तो चाळा, पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि उकळून घ्या. टाकी भरल्यावर लगेच मासे सोडू नका. जीवाणूंची वसाहत वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पाण्यातील अमोनिया व नायट्राइट शून्यावर आले, की मगच पहिला मासा सोडा.