उजेड पडला की जागे होणारे विष

सोयाबीनचे दाणे जांभळे पाडणाऱ्या सर्कोस्पोरा किकुची या बुरशीतून १९५७ मध्ये जपानी संशोधकांनी सर्कोस्पोरिन नावाचे लाल रंगद्रव्य वेगळे केले. अंधारात ते जवळपास निरुपद्रवी आणि उजेडात जीवघेणे. हा चमत्कार विज्ञानाला नवा नव्हता. म्युनिकमध्ये १९०० साली ऑस्कर राब या विद्यार्थ्याने अॅक्रिडिन रंगाच्या द्रावणात पॅरामेशियम सोडले, तेव्हा उजेडातले मेले आणि अंधारातले तगले. रंगाचा रेणू इथे बाजारातल्या अडत्यासारखा वागतो: प्रकाशाची ऊर्जा घेतो, हवेतल्या साध्या ऑक्सिजनच्या हवाली करतो, आणि स्वतः खर्ची न पडता पुढच्या सौद्याला मोकळा होतो. ऊर्जा मिळालेला हा ‘सिंगलेट’ ऑक्सिजन डीएनएतल्या ग्वानिनवर आणि प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन, हिस्टिडिन, मेथिओनिन अशा अमिनो आम्लांवर तुटून पडतो.

म्हणूनच अशा विषांची ‘डीएनए तोडणारी’ अशी ख्याती होते. पानात मात्र पहिला घाव डीएनएवर बसत नाही, असे माझे ठाम मत आहे. सिंगलेट ऑक्सिजन काही मायक्रोसेकंदच टिकतो; तो जिथे जन्मतो त्याच्या आसपासच नासधूस करतो. पाण्यात न विरघळणारे सर्कोस्पोरिन बुरशी पेशींच्या बाहेर सोडते, तेव्हा आधी सापडते ते पेशीपटल. परीक्षानळीत डीएनए तुटतो हे खरेच आहे, पण तिथे विष आणि डीएनए एकाच द्रावणात असतात, मध्ये पेशीचा पडदा नसतो. पटलाचे फुटणे हा मरणाचा केवळ परिणाम असेल, असाही आक्षेप येईल. पण विष लावलेल्या पेशींवर प्रकाश टाकताच काही मिनिटांत क्षार बाहेर झिरपू लागतात. डीएनएच्या इजेने पेशी इतक्या झटपट गळत नाहीत. मार्गारेट डॉब यांनी १९८२ मध्ये तंबाखूच्या पेशींत पटलातल्या मेदाचेच ऑक्सिडीकरण होते हे दाखवून दिले. बुरशीचा फायदाही यातच आहे: पेशींच्या फटींत वाढणाऱ्या तिला गळलेल्या रसावर पोसायचे असते.

डॉब यांचे नाव याहून कितीतरी जास्त घेतले जायला हवे. बुरशी स्वतःच्या विषाने का मरत नाही, याचा त्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला. विषाला बळी पडणाऱ्या उत्परिवर्ती बुरशींत बिघडलेले एक जनुक सापडले, आणि १९९९ मध्ये ते ब-६ जीवनसत्त्व बनवणारे निघाले. हे जीवनसत्त्व सिंगलेट ऑक्सिजनला शमवते, हेही त्यातूनच उघड झाले. तेच जनुक पुढे वनस्पतींतही ओळखले गेले. म्हणजे बुरशीची ही ढाल सोयाबीनकडेही आहेच, फक्त सर्कोस्पोरिनच्या माऱ्यापुढे ती पुरत नाही.