बांगड्यांसकट

ओळखीतली एक मुलगी पुण्यात प्रायोगिक नाटकांचं बॅकस्टेज सांभाळायची. एक दिवस म्हणाली, "मी म्हसवडला चाललेय, इंटर्नशिपला. संवाद आणि निर्मिती." निर्मिती कशाची, तर रेडिओवरच्या श्रुतिकेची. माणदेशातली माणसं पोटासाठी पुण्या-मुंबईला जातात हे ऐकत मोठी झालेली मी. पुण्यातून कुणी नाटकाचं काम शिकायला उलट माणदेशात जातंय, हे मनातून जाईना. म्हणून तिच्या पाठोपाठ मीही गेले.

म्हसवड हे माणदेशातलं सिद्धनाथाचं गाव, माण नदीच्या काठचं. नदी वर्षातला बराच काळ वाळूचीच असते. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने 1997 साली इथे बायकांची सहकारी बँक उभी राहिली आणि त्याच कामातून 2008 मध्ये सामुदायिक रेडिओ आला, 'माणदेशी तरंग वाहिनी'. तिची इंटर्नशिप इथेच होती.

"आपला आवाज दहा किलोमीटर," ध्वनिमुद्रण करणाऱ्या दादांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. केंद्र सरकारच्या 2006 च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना रेडिओ केंद्र चालवायची मुभा दिली, पण दोर आखूड ठेवला. ताकद साधारण शंभर वॉटपर्यंत, मनोरा तीस मीटरपर्यंत, स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी. निम्मे तरी कार्यक्रम तिथल्याच माणसांच्या सहभागाने केलेले हवेत. हे शेवटचं बंधन मला फार आवडलं. दहा किलोमीटरच्या आत खोटं खपत नाही. रात्री रेडिओवर चुकीचं काही बोललात, तर सकाळी गिरणीवर दळण टाकताना तुम्हाला कुणीतरी अडवणारच.

श्रुतिका होती चारा छावणीवर. 2012-13 च्या दुष्काळात रेडिओ चालवणाऱ्या याच संस्थेने म्हसवडला जनावरांची छावणी चालवली होती. दावणीला गाय-बैल आणि शेजारी पाल ठोकून राहिलेलं घर, असे महिनेच्या महिने लोकांनी काढले. उसाचं वाढं, पेंड, टँकरचं पाणी, त्यातच कुणाचं बाळंतपण, कुणाच्या लेकीची परीक्षा. त्यात राहिलेल्या तिघीजणी आता माईकपुढे त्याच बायका होऊन बोलणार होत्या. कागद वाचता येणारी एकच. मग ही मुलगी प्रसंग सांगायची, वाक्य एकदा म्हणून दाखवायची आणि त्या आपल्या तोंडाने ते नव्याने बोलायच्या. "पाण्याची तीव्र टंचाई आहे" असं संहितेत होतं. एक बाई म्हणाली, "आसं कोन बोलतं गं? 'घागर वाजाय लागली' म्हण." ते राहिलं. दुसऱ्या दिवसापर्यंत संहितेतलं निम्मं पुस्तकी मराठी गळून पडलं आणि नाटक उभं राहिलं.

तिघींतल्या थोरल्या आजी सत्तरीच्या. त्यांचं बोलणं सुरू झालं की हात चालायचे आणि हात चालले की हिरव्या काचेच्या बांगड्या किणकिणायच्या. दादांनी हेडफोन खाली ठेवला. पोरगी म्हणाली, "आजी, बांगड्या जरा काढून ठेवता का?"

"मालक जिता हाय माझा," आजी एवढंच म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण खोलीतलं सगळं थांबलं.

पोरीचा चेहरा उतरला. तिने आपली ओढणी काढून विचारलं, "मग बांधू का वरून?" आजींनी हात पुढे केले. बांगड्या गप्प झाल्या खऱ्या, पण आजीही गप्प झाल्या. शब्द येत होते, त्यांत जीव नव्हता. ज्या बाईने जन्मभर जात्याच्या खुंट्यावर हात ठेवून ओव्या म्हटल्या, तिचा गळा हातांशी बांधलेला असतो. पोरीने ते ओळखलं, ओढणी सोडली आणि दादांना म्हणाली, "राहू दे तो आवाज. छावणीत बायका बांगड्या काढून शेण उचलत होत्या का?" दादांनी माईक थोडा वर उचलला आणि परत मुद्रण सुरू केलं. पुढच्या टेकला आजींनी गाईला हाक मारली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

निर्मिती म्हणजे पैसे, तारखा आणि चहा-नाश्ता, असं मी पुण्या-सांगलीच्या हौशी संस्थांत पाहत आले आहे. तेही खरंच आहे. सांगलीत 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. 1851 मध्ये आश्रयदाता गेल्यावर मंडळी घेऊन गावोगाव फिरणं भाग पडलं आणि 1853 मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. खेळ रचायचा, माणसं जमवायची, खर्चाची तोंडमिळवणी करायची, हे सगळं एकाच माणसावर. पण त्या ओढणीच्या क्षणानंतर मला वाटतं की निर्मात्याचं पहिलं काम बोलणाऱ्याचा आवाज खुलेल अशी जागा करणं हे आहे.

इंटर्नशिपच्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल, म्हणजे 'संवादा'बद्दल, माझं मन इतकं मोकळं नाही. देणगीवर चालणाऱ्या कुठल्याही कामाला यशोगाथा लागतात. बाई आधी कशी होती, मग काय मिळालं, आता कशी आहे. फोटो, इंग्रजीत दोनशे शब्द. पैसा त्यावर येतो, हे मला कळतं. काही गोष्टी मुळातच मोठ्या असतात. याच भागातल्या केराबाई नावाच्या एका बाईंची गोष्ट चेतना सिन्हांनी 2018 मध्ये टेडच्या व्यासपीठावरून सांगितली आणि ती जगाने ऐकली. पण दोनशे शब्दांत बसवताना छावणीतलं भांडण जातं, नवऱ्याचं दारूपाणी जातं, आजींचं "मालक जिता हाय माझा" तर पहिल्यांदा जातं. दहा किलोमीटरपुढे पाठवायची गोष्ट हलकी करावी लागते. पोरीलाही ते टोचत होतं. आजींवरचा मजकूर तिने चार वेळा लिहिला आणि शेवटी 'सबल' हा शब्द खोडून त्या जागी आजींनी छावणीत सांभाळलेल्या गाईचं नाव घातलं. तसाच पाठवला.

एडिटिंगला दोन संध्याकाळी गेल्या. मग प्रश्न आला वेळेचा. सातची जागा रिकामी होती, पोस्टरवरही सातच छापायचं ठरत होतं. पोरीने आजींना फोन लावला.

"सातला भाकरी थापू का तुजं ऐकू?" आजी म्हणाल्या. "आन् त्याच्या आधी धारा. साडेआठला लाव. तवा समदी घरात आसत्यात."

पोरीने पोस्टरवरची वेळ बदलली. नंतर यादी पुढ्यात घेऊन एकेका वाडीला फोन करत बसली. प्रत्येकीला विचारत होती, "साडेआठला तुमच्याकडे लाईट असते का?" दोन वाड्यांतून उत्तर आलं, या आठवड्यात नसते, पुढच्या आठवड्यात असते. प्रसारण पुढच्या आठवड्यावर गेलं.