रोखे जगाचे, रस्ते छत्तीसगडचे

रायपूरच्या शंकर नगरातल्या मंडळींना नवा रायपूरची बीआरटीएस बस ओळखीची असेल. ती ज्या शहरी वाहतूक प्रकल्पातून आली, त्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडही होते, आणि पाठीशी होती जागतिक बँक. या बँकेकडे पैसा येतो कुठून? बराचसा रोखे विकून. गंमत म्हणजे अमेरिकेत हे रोखे विकताना तिला तिथल्या ‘सेबी’कडे नोंदणीच करावी लागत नाही!

ही सूट १९४९ची. बँकेने पहिले रोखे काढले जुलै १९४७ मध्ये, २५ कोटी डॉलरचे. सूट मिळाली त्याच १९४९ सालच्या ऑगस्टमध्ये भारताला रेल्वेसाठी ३.४ कोटी डॉलरचं कर्ज मिळालं. आशियातलं बँकेचं ते पहिलं कर्ज.

पण सूट म्हणजे मोकळं रान नव्हे. बँकेच्या घटनेतच अट आहे: ज्या देशाच्या बाजारातून पैसा उचलायचा, त्या देशाच्या सरकारची संमती आधी घ्यायची. शिवाय हा पैसा कोणत्याही सरकारचं देणं नाही, हे प्रत्येक रोख्यावर ठळकपणे छापायचं. अमेरिकी नियामकाला नियमित अहवाल द्यावे लागतात ते वेगळेच. इतकी साफ अट घालणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

बँकेची ही घटना १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला ठरली. भारताच्या शिष्टमंडळात होते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. रायपूरकरांनी अभिमानाने सांगावं असं म्हणजे, त्याआधी आयसीएसच्या नोकरीत हेच देशमुख रायपूर जिल्ह्याचे सेटलमेंट ऑफिसर होते. गावोगावच्या शेतसाऱ्याचा हिशोब बसवणारा माणूस जगाच्या बँकेचा हिशोब ठरवायला बसला!

बीजिंगच्या एशियन इन्फ्रास्ट्रक्चर इन्व्हेस्टमेंट बँकेला (एआयआयबी) मात्र ही सवलत नाही, कारण अमेरिका तिची सदस्यच नाही. म्हणून २०१९ मध्ये अडीच अब्ज डॉलरचे रोखे आणताना तिने रीतसर नोंदणी केली. या बँकेत चीनखालोखाल मोठा भागधारक भारत.

आपल्याकडे आशियाई विकास बँकेने २००४ मध्ये ५०० कोटींचे रुपयातले रोखे काढले. परदेशी संस्थेने भारतात काढलेले हे पहिलेच. छत्तीसगडच्या राज्य रस्त्यांना कर्ज देणारी बँकही हीच. २०१४ मध्ये जागतिक बँक गटातल्या आयएफसीने भारतात ‘महाराजा’ रोखे आणले आणि लंडनमध्ये ‘मसाला’. सेबीच्या २०२१च्या नियमांत तर रोखे काढणाऱ्यांच्या यादीत बहुपक्षीय संस्थांना कंपन्यांच्या बरोबरीने जागा आहे.

रोखे घेणाऱ्याची काळजी अशी चोख घेतली जाते. प्रकल्पाशेजारी राहणाऱ्याची? आयएफसीने गुजरातच्या मुंद्रा वीज प्रकल्पाला ४५ कोटी डॉलर दिले. तिथल्या मच्छीमारांनी आयएफसीवर थेट अमेरिकेत दावा लावला. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी सांगितलं की अशा संस्थांना खटल्यापासून संपूर्ण अभय नाही. माझ्या मते या साऱ्या कहाणीतला हा सगळ्यात मोलाचा निकाल. पुढे दावा टिकला नाही, कारण प्रकल्पाचं मूळ कामकाज अमेरिकेत घडलेलं नाही असं खालच्या न्यायालयांनी ठरवलं. रोख्यांची नोंदणी माफ असायला माझी हरकत नाही. मुंद्र्याच्या मच्छीमाराला दाद मागायला मात्र एक दार हवंच, आणि तेही भारतातलं.