शिकत्या डॉक्टरची रजा

रात्रपाळी संपवून वसतिगृहावर परतलेली मुलगी घरी फोन करते आणि काहीशा संकोचाने सांगते की, तिला दिवस गेले आहेत. ती एम. डी.च्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. आईला आनंद होतोच, परंतु तोंडून पहिला प्रश्न निघतो तो असा : "अगं, मग आता तुझ्या शिक्षणाचे काय?"

वाचकहो, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशासाठी त्या मुलीने रात्रीचा दिवस केलेला असतो आणि घरानेही पोटाला चिमटा घेतलेला असतो. मध्येच थांबले तर हातची जागा जाईल, अशी धास्ती वाटणारच. ह्या धास्तीपायी कोणी आजार अंगावर काढतात, कोणी गरोदरपण शक्य तितके दिवस झाकून ठेवतात, तर कोणी नियम विचारण्यापूर्वीच शिक्षण सोडण्याची भाषा बोलू लागतात. वस्तुतः नियम इतके निष्ठुर नाहीत.

नियम काय सांगतो?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षणविषयक विनियमांनुसार निवासी डॉक्टरांना कामाची निकड सांभाळून आठवड्यास एक सुट्टी, वर्षाकाठी किमान २० दिवसांची पगारी नैमित्तिक रजा आणि ५ दिवसांची शैक्षणिक रजा मिळते. विद्यार्थिनींना प्रचलित सरकारी नियमांप्रमाणे प्रसूती रजा, तर विद्यार्थ्यांना त्याच धर्तीवर पितृत्व रजा मिळू शकते. केंद्र सरकारच्या स्त्री कर्मचाऱ्यांची प्रसूती रजा १८० दिवसांची आहे. आपल्या मुलीच्या संस्थेस कोणते नियम लागू आहेत, हे तेथील कार्यालयात विचारून घ्यावे.

ह्याहून अधिक रजा लागली तर काय? जितके दिवस मर्यादेबाहेर गेले, तितकेच दिवस अभ्यासक्रम पुढे वाढतो. ह्यात शिक्षेचा भाग नाही. शल्यविशारदाचा हात शस्त्रक्रियागृहात घडतो आणि निदानाची दृष्टी वॉर्डात येते. चुकलेले दिवस नंतर भरून काढावेत, एवढाच त्याचा अर्थ.

मात्र एक हिशेब वेळीच मांडावयास हवा. परीक्षेस बसण्यासाठी निदान ८० टक्के उपस्थिती आवश्यक असते. मर्यादेबाहेरची रजा साठच दिवसांची असली, तरी नेमकी त्याच सुमारास परीक्षा आली, तर पुढील परीक्षेची वाट पाहण्याचा प्रसंग येऊ शकतो. म्हणून रजेच्या तारखा ठरविताना प्रबंध सादर करण्याची मुदत व परीक्षेचा काळ समोर ठेवावा. वाढीव काळात विद्यावेतन मिळेल किंवा कसे, हेही संस्थेस लेखी विचारावे.

मंजुरीचे महत्त्व

रजा आणि गैरहजेरी ह्यांत अंतर आहे ते एका मंजुरीच्या कागदाचे. न सांगता घरी निघून गेलेल्या विद्यार्थ्याच्या बाजूने बोलणे त्याच्या हितचिंतकांनाही कठीण जाते. जागाच सोडून दिली, तर काही राज्यांत बंधपत्रानुसार मोठी रक्कम भरावी लागते. ही अट विद्यार्थ्यांच्या मनावर किती ताण आणते, हे जाणून आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना पत्र पाठवून ती काढून टाकण्याविषयी सुचविले होते.

तेव्हा आधी मार्गदर्शक प्राध्यापकांशी बोलावे. मग विभागप्रमुखांमार्फत अधिष्ठात्यांकडे लेखी अर्ज करावा; त्यास वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे, तारखा स्पष्ट लिहाव्यात आणि अर्जाची पोच घ्यावी. मंजुरीचा आदेश जपून ठेवावा. परतल्यावर त्याच दिवशी रुजू झाल्याचे लेखी कळवावे.

वेळेवर सांगण्याने सहकाऱ्यांचाही भार हलका होतो. एक जण रजेवर गेला की त्याच्या रात्री इतरांच्या वाट्यास येतात. पुष्कळ मुलींना रजा मागताना वाटणारा संकोच ह्यामुळेच असतो. परंतु दोन-तीन महिने आधी कळले, तर पाळ्यांची फेरमांडणी करता येते. आयत्या वेळी मात्र सर्वांचीच ओढाताण होते.

इतर देशांतही असा विचार झालेला आहे. ब्रिटनमध्ये विशेषज्ञाचे शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना संशोधनासाठी, अन्यत्र अनुभव घेण्यासाठी अथवा स्वतःच्या प्रकृतीसाठी वा घरच्यांच्या शुश्रूषेसाठी काही काळ अभ्यासक्रमाबाहेर राहता येते. संशोधनासाठी हा काळ सामान्यतः तीन वर्षांपर्यंतचा असतो. ह्या काळात त्यांचा प्रशिक्षण क्रमांक कायम राहतो. अट एवढीच की, पदव्युत्तर शिक्षणाच्या अधिष्ठात्यांची संमती आधी घेतलेली असावी. थोडक्यात, तेथेही सारा भर पूर्वसंमतीवरच आहे.

आपल्याकडे ह्या कामी कुटुंबाचा वाटा मोठा आहे. नियमाने दिलेली रजा घेण्यास मुलगी कचरते, ती पुष्कळदा घरच्यांच्या निराशेच्या भयाने. "एक परीक्षा पुढे गेली तरी चालेल," असे सासऱ्यांनी वा वडिलांनी एकदा मोकळेपणाने म्हटले, तर तिच्या मनावरचे ओझे उतरेल. आणि सहा महिन्यांनी ती परत वॉर्डात जाऊ लागेल, तेव्हा बाळाला कोणी सांभाळावयाचे, हेही आजच ठरवून टाकावे.

असा फोन आपल्या घरी आला, तर प्रथम तिचे अभिनंदन करावे. मग सावकाश विचारावे : "अगं, रजेचा अर्ज केव्हा देणार आहेस?"