श्रद्धा आणि शेजार – लेखांक 7 : पंडुमची वर्गणी, मसणवटीची जागा

मागच्या लेखांकात शहरातल्या धर्मांतरितांची गोष्ट होती. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा संसार मोडला, लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. पण टिळकांच्या पाठीशी मिशन होते, हाताला काम होते. बापजाद्यांची मालमत्ता धर्म बदलल्याने जाऊ नये, याची तजवीज तर 1850 च्या एकविसाव्या कायद्यानेच करून ठेवली होती. भामरागड-एटापल्लीच्या रानात येशूला मानू लागलेल्या माडिया कुटुंबापाशी यातले काहीच नसते. त्याच्यापाशी असते ते गाव, आणि त्याचा छळ करायचा तर ते गावच त्याच्यापासून काढून घ्यायचे.

ठिणगी पुष्कळदा वर्गणीवरून पडते. नवे धान्य, मोहफूल, आंबा तोंडात घालण्याआधी गाव पंडुम करते. घरोघरचे तांदूळ, कोंबडी, थोडे पैसे जमतात, पेरमा पूजा करतो, मग सगळे मिळून खातात. त्यात एक घर म्हणते, आमचा वाटा धरू नका. गावाला हा नुसता उर्मटपणा वाटत नाही, धास्ती वाटते. मान एका घराने चुकवला तरी देव कोपणार तो अख्ख्या शिवारावर. ही धास्ती समजून न घेता गावाला सैतानाच्या पक्षात बसवणारे प्रचारक आपल्याच माणसांना खड्ड्यात घालतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग विश्वासू माणसाने करायचे काय? हा पेच करिंथच्या मंडळीपुढेही होता. पौलाने पहिल्या पत्राच्या आठव्या ते दहाव्या अध्यायात तो सोडवला, आणि सरसकट ‘नाही’ म्हणून नव्हे. बाजारात विकले जाणारे मांस चौकशी न करता खा, कोणी जेवायला बोलावले तर जा. मात्र हा नैवेद्य आहे असे समोरच्याने सांगितले, तर हात आखडता घ्या, असा त्याचा सल्ला. गडचिरोलीत त्याचा अर्थ मी असा लावतो : विहीर उपसायला, रस्त्याच्या श्रमदानाला, शेजाऱ्याच्या मयताला सर्वांच्या आधी हजर राहावे. पूजेचा पैसा तेवढा नाकारावा, तोही पेरम्याच्या अंगणात जाऊन, नीट बोलून. पेत्राच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्यायही इथे वाचावा. ख्रिस्ती म्हणून सोसणे वेगळे आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसून मार खाणे वेगळे, हा भेद तिथे स्वच्छ आहे. गावदेवाची टिंगल करून अंगावर घेतलेले भांडण दुसऱ्या खात्यात जाते.

एवढे करूनही वाळीत टाकले तर? आज हे पूर्वीपेक्षा महाग पडते. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर तेंदू-बांबूचा व्यवहार अनेक ठिकाणी ग्रामसभेच्या हाती आला. मेंढा-लेखाने 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळवून वाट दाखवली, ती अभिमानाचीच गोष्ट. पण जी सभा तेंदूचे पैसे वाटते तिनेच तोंड फिरवले तर चुलीपर्यंत झळ पोचते.

इथे महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा कामाला येतो. मुंबई राज्याचा 1949 चा असाच कायदा दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये रद्द ठरवला होता. 2016 चा नवा कायदा जुलै 2017 पासून लागू आहे : तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो केला जातपंचायतींना डोळ्यांपुढे ठेवून. तरी माडियांनी माडिया घरालाच वाळीत टाकले तर ते त्यात बसते, असे माझे वाचन. ठाण्यात जाणे म्हणजे विश्वास डळमळणे, असे काही भाविक मानतात. पौलाने रोमी नागरिकत्व पुढे करून कैसराकडे दाद मागितली होती, याची त्यांना आठवण द्यावी.

कायद्याची धाव कुठवर, हे मात्र शेजारच्या बस्तरात पाहावे. गडचिरोलीला लागून असलेल्या नारायणपूर जिल्ह्यात डिसेंबर 2022 मध्ये शेकडो ख्रिस्ती आदिवासींना गाव सोडून शहरातल्या क्रीडासंकुलात आसरा घ्यावा लागला. बस्तर जिल्ह्यातल्या छिंदवाडा गावचे एक पाळक 7 जानेवारी 2025 रोजी वारले. घरातली आधीची माणसे गावच्याच मसणवटीत पुरलेली, असे मुलाचे म्हणणे. गाव आता ख्रिस्ती देह मातीत घेऊ देईना. प्रेत जगदलपूरच्या शवागारात राहिले आणि मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला. 27 जानेवारीच्या निकालात दोन न्यायमूर्तींचे जुळले नाही. न्या. नागरत्नांनी कुटुंबाच्या स्वतःच्या शेतात दफनाची मुभा दिली, न्या. शर्मांच्या मते ख्रिस्ती दफनभूमीखेरीज जागा मागण्याचा हक्क नव्हता. मोठ्या पीठाकडे पाठवावे तर देह आणखी ताटकळणार. म्हणून अनुच्छेद 142 खाली दोघांनी मिळून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या करकापालला, पोलीस बंदोबस्तात, पुरण्याचा आदेश दिला. माणूस मातीआड झाला. गावच्या मसणवटीवर त्याचा हक्क होता की नव्हता, यावर एकमताचा निकाल काही लागला नाही.

पुढील लेखांकात सोयरीक : वाळीत पडलेल्या घरातल्या मुलामुलींची लग्ने कशी जुळतात ते पाहू.