गोल गॅलरी

गेल्या महिन्यात कंत्राटदार घराचं माप घेऊन गेला. जाता जाता म्हणाला, "वहिनी, ही गोल गॅलरी म्हणजे वाया गेलेली जागा. आत घेऊन टाकू." माझ्या पोटात कालवलं.

मैत्रिणींनो, सोलापुरातलं हे आमचं घर १९३९ सालचं, ह्यांच्या पणजोबांनी बांधलेलं. शेजारी माळवदाची घरं. याला मात्र सिमेंटचा स्लॅब, वळणदार गॅलरी आणि खिडकीच्या जाळीत उगवता सूर्य. ही हौस आली मुंबईहून. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथे आर्ट डेको शैलीच्या इमारती उठत होत्या. रीगल सिनेमा १९३३चा, इरॉस १९३८चा. आपले गजानन म्हात्रे यांच्यासारखे वास्तुविशारद त्यात पुढे होते. मरीन ड्राइव्हवरच्या तशा इमारतींना २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं.

पण बाहेरच्या नक्षीपेक्षा आत जे बदललं, ते खरं बायकांच्या कामाचं. आमच्या आजेसासूबाईंचा जन्म गिरगावच्या चाळीतला. संडास सामाईक, पहाटे नळावर रांग. मग दादरला हिंदू कॉलनीत ब्लॉक मिळाला. स्वतंत्र स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, संडास दाराच्या आत! "रात्री सोबतीला आईला उठवावं लागेना, तेवढ्यानंच मी श्रीमंत झाले," असं त्या सांगायच्या.

त्याच सुमारास तिकडे आयर्लंडमध्ये, डब्लिनला, हर्बर्ट सिम्स हे आर्किटेक्ट महापालिकेसाठी गरिबांची घरं बांधत होते. तिथेही जुन्या पडक्या इमारतींत एकेका खोलीत अख्खं कुटुंब, नळ आणि संडास सगळ्यांत मिळून. १९३२ ते १९४८ या काळात सिम्स यांच्या हाताखाली सुमारे १७ हजार घरं झाली. गंमत म्हणजे त्यांतल्या काही इमारतींचेही कोपरे गोलच. कुठलं डब्लिन आणि कुठलं गिरगाव, बायकांची रांग तीच!

आजेसासूबाई लग्न होऊन सोलापूरला आल्या, तेव्हा सुनांनी दारात उभं राहायचं नाही असा दंडक होता. पण गॅलरीत वाळवण घालायला कोण अडवणार? कुरडया राखता राखता त्या रस्ता बघायच्या. पुढे आमच्या बचत गटाची पहिली बैठक तिथेच भरली, कारण बैठकीच्या खोलीत पुरुष मंडळी बसलेली.

स्लॅब गळतो, हे मलाही दिसतं. ह्यांना सांगितलंय, नळ बदला, संडास नवे करा, गळती काढा. कंत्राटदार सोमवारी सह्या घ्यायला येणार आहे. गॅलरीचं माप मीच घेऊन ठेवलंय, बारा फूट बाय चार. नव्या नकाशात ती दिसली, तरच माझी सही.